काचेवरचा गुलाल

ऊन डोळ्यावर आलं तर गाडी कशी चालवायची, हे मी कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांना शिकवलंय. निम्म्या म्हणजे जरा जास्तच झालं, पण कळंब्याच्या रस्त्याला एखादी बाई व्यवस्थित इंडिकेटर देऊन वळताना दिसली तर ती माझ्याकडं शिकलेली समजा. वडिलांनी काढलेला मोटार ड्रायव्हिंग क्लास त्यांच्या मागं मीच चालवते. नाव अनुजा. समोर सगळ्या मॅडम म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. गाडी शिकवणाऱ्याला गोड बोलून चालत नाही.

शेवटच्या आठवड्यात मी प्रत्येकीला मुद्दाम संध्याकाळी गगनबावड्याच्या रस्त्याला नेते. तो रस्ता मावळतीकडं जातो. सूर्य खाली आला की थेट डोळ्यात घुसतो. बाई डोळे बारीक करते, मान पुढं काढते आणि वेग मात्र तसाच ठेवते. सगळे तसंच करतात. समोरचं दिसेनासं झालं की माणसाला वाटतं, आत्ता दिसेल, आत्ता दिसेल. मग मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबते. शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक असतो. गाडी थांबली की माझं भाषण सुरू होतं. काच आतून-बाहेरून पुसलेली पाहिजे, कारण मळक्या काचेवर समोरून ऊन पडलं की काचेची भिंत होते. ऊन अडवायची वरची झडप खाली घ्यायची. सूर्याकडं बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेला बघायचं. दिवे लावायचे, म्हणजे निदान दुसऱ्याला तरी आपण दिसतो. आणि एवढं करूनही दिसत नसेल तर गाडी बाजूला घेऊन गप थांबायचं. सूर्य काही तिथं मुक्कामाला आलेला नसतो, जातो थोड्या वेळात.

हे सगळं येणारी मी, माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसले होते.

ह्या वर्षी क्लाससाठी नवी गाडी घेतली. पांढरी. माझ्या नावावर, माझ्या कमाईची. जादा ब्रेक अजून बसवायचा होता, पण त्याआधी जोतिबाला न्यायची होती. आमच्याकडं नवी गाडी आधी देवाला दाखवतात. मी किल्ली घेऊन निघाले तर आईनं दारातच हात पुढं केला.

"किल्ली राजूकडं दे. पैल्या दिवशी गाडी घरच्या पोरानं देवाला न्यायची असती."

"आई, गाडी शिकवायचा धंदा माझा हाय. मी चालवतो की." (आमच्याकडं बायकासुद्धा 'चालवतो, जातो'च म्हणतात. पुण्याच्या लोकांना हसू येतं, येऊ दे.)

"धंदा तुझा आसंल. रीत तुझी न्हाय," आई म्हणाली.

माझी आई शालूबाई. तिच्याशी वाद घालणं म्हणजे चढावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवणं. मी किल्ली दिली. राजवर्धन माझा धाकटा भाऊ आणि मी शिकवलेला सगळ्यात वाईट विद्यार्थी. भाऊच तो, ऐकणार कशाला? पण जीव होता माझा त्याच्यावर, हे लपवत नाही. स्पर्धा परीक्षेत कितीदा नापास झाला, कितीदा रडला, सगळं माझ्या समोर. ह्या वर्षी एकदाची सरकारी नोकरीत निवड झाली, तेव्हा क्लासमधल्या प्रत्येक बाईच्या हातात मी पेढा ठेवला होता. आता फक्त पोलीस पडताळणी व्हायची होती. मग हजर व्हायचं.

रविवार होता, डोंगरावर ही गर्दी. पूजा झाली, नारळ फुटला. पुजाऱ्यानं बॉनेटवर गुलाल टाकला. तेवढा पुरे होता. पण राजूला चेव आला. त्यानं ओंजळ भरून घेतली आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत समोरच्या काचेवर उधळली. आईनं तिची ओंजळ टाकली. शेजारच्या गाडीवाल्यांनीही हात धुऊन घेतले. पांढरी गाडी गुलाबी झाली, वायपरच्या फटीत खोबऱ्याचे तुकडे जाऊन बसले. मलाही आनंद झाला होता, खोटं का बोलू? वडील असते तर नाचले असते.

निघताना मी फडकं ओलं केलं आणि काचेला लावणार तेवढ्यात आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"देवाचा गुलाल हाय त्यो! आज पुसायचा न्हाय. उद्या धुवायचा."

"बॉनेटवरचा राहू दे. काच तेवढी पुसतो. काय दिसणार त्याला?"

"दिसतंय आक्का," राजू म्हणाला. "सगळ्या गाड्या तशाच चालल्यात की." आणि त्यानं कोरडाच वायपर फिरवला. गुलाल निघाला नाही, काचेवर पसरला.

सगळ्या गाड्या तशाच चालल्या होत्या हे खरं. पण त्या कोल्हापूरकडं चालल्या होत्या, सूर्य पाठीला घेऊन. आमच्या राजूला पन्हाळ्याला जाऊन झुणका-भाकरी खायची होती. पन्हाळा जोतिबाच्या मावळतीला. म्हणजे सूर्य तोंडावर. मी ते बोलून दाखवलं. आई पुढच्या सीटवर बसली होती, ती मागं न बघताच म्हणाली, "पैल्या दिवशी किरकिर नको."

पहिली काही वळणं डोंगराच्या सावलीत गेली. मग रस्ता मोकळ्यावर आला आणि सूर्य समोर उभा राहिला. काच एकदम पेटल्यासारखी झाली. मला मागून ना रस्ता दिसत होता, ना त्याची कड. नुसता गुलाबी उजेड.

"राजू, थांब. बाजूला घे."

"आक्का, तू क्लासमधल्या बायकास्नी शिकीव."

"तुला काय दिसतंय सांग मला."

"दिसतंय की!"

"खोटं बोलू नको. थांबीव गाडी!"

"गप बस की गं," आई म्हणाली. "सारखं त्याच्या मागं."

माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, जोरात. पण मागच्या सीटखाली ब्रेक नसतो.

आवाज फार मोठा झाला नाही. भांडं पडल्यासारखा झाला. मग अजून एक भांडं गडगडत गेलं. राजूनं ब्रेक मारला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी दार उघडून पळाले. सायकल आडवी पडली होती, दुधाच्या दोन किटल्या लांब जाऊन पडल्या होत्या आणि दूध रस्त्यावरून गटारीकडं चाललं होतं. कडेला एक म्हातारा बसल्यासारखा पडला होता. शुद्धीवर होता. पाय मात्र नको तिथं वळला होता. मी त्याला हात दिला आणि राजूला हाका मारल्या. राजू उतरला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तसाच समोर बघत बसला होता. शेवटी आई आणि वाटेनं आलेली दोन माणसं, आम्ही मिळून म्हाताऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं. मी पुढचं दार उघडून राजूला म्हणाले, "सरक." तो मुकाट्यानं पलीकडं गेला. आई मागं बसली, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन.

मी गाडी वळवली आणि कोल्हापूरला आणली. सूर्य आता पाठीला होता. त्याच काचेतून, त्याच गुलालातून रस्ता पुरेसा दिसत होता. सरकारी दवाखान्याच्या दारात मी गाडी थांबवली, मी उतरले, मी स्ट्रेचर मागितलं. दारातल्या सगळ्यांनी गाडी चालवणारी बाई बघितली.

म्हाताऱ्याचं नाव आकाराम. डेअरीला दूध घालायला निघाला होता. डॉक्टरांनी पायाला आधार बांधला, गोळ्या-इंजेक्शनं झाली, ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. त्याच्याच फोनवरून मी त्याच्या बायकोला, बनाबाईंना कळवलं. हे सगळं करून बाहेर आले तर दवाखान्याच्या चौकीतले हवालदार माझीच वाट बघत उभे.

"बाई, लायसन हाय न्हवं तुमचं? दाखवा. गाडी चालवताना नेमकं काय झालं ते सांगा."

"मी कुठं चालवत होतो?"

हवालदारांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. "तुमच्या भावानं सांगितलंय तुम्ही चालवत हुता. आईबी तेच म्हनाल्या."

मला वाटलं त्यांची काहीतरी गफलत झाली. खरंच वाटलं. मी त्यांना थांबा म्हणाले आणि बाकावर बसलेल्या दोघांकडं गेले. आईनं पदर डोक्यावरून घेतला होता आणि ती फरशीकडं बघत होती. राजू उठून मला बाजूला घेऊन गेला. कपाळावर गुलाल, केसात गुलाल.

"आक्का, त्यांनी एकदम इचारलं. तोंडातनं निघून गेलं. पडताळणी व्हायची हाय गं माझी. केस झाली तर समदं गेलं."

"मग माझ्यावर झाली तर चालंल? गाडी शिकवतो मी, राजू. कोण येईल माझ्याकडं शिकायला?"

"मी सांगतो की खरं. आत्ता न्हाय, हितं न्हाय. हवालदार गाडी बघायला घरी येणार हायत. तवा सांगतो. जोतिबाची आण."

आज देवाला जाऊन आलेला माणूस, कपाळावर देवाचा गुलाल. त्याची शपथ मी खोटी कशी धरणार? लहानपणी माझ्या पाठीवर बसून फिरलेलं पोर ते. मी विश्वास ठेवला. हवालदारांना म्हणाले, "समोरच्या काचेवर गुलाल होता, आणि ऊन तोंडावर होतं, एवढं लिहा. काच अजून तशीच हाय. कोण चालवत होतं ते माझा भाऊ सांगंल तुम्हाला घरी."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग राजूला म्हणाले, "गाडी घरी न्या. जाताना वाटेत बघून जातो मी. हाय तशी ठेवा, हात लावू नका."

राजू आणि आई गाडी घेऊन गेले. बनाबाई येईपर्यंत मी थांबले. आकाराममामांना ग्लानी येत होती, पण बोलत होते.

"बाई, तुम्ही तर मागच्या दारातनं उतरलासा."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"मी पडल्या पडल्या बघितलं की. चालवनारं पावणं तर गाडीतच बसून हुतं. आन् ह्यो हवालदार म्हनतोय बाईनं उडीवलं." त्यांनी जरा दम घेतला. "गाडी मला लांबनंच दिसली हुती. सूर्य माझ्या पाठीला. मला दिसतंय म्हंजे त्यास्नीबी दिसतंय, आसं वाटलं. म्हनून बाजूला झालो न्हाय."

हे वाक्य मी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं. जो उन्हातून येतो त्याला सगळं दिसत असतं, आणि त्यालाच कळत नाही की समोरचा आंधळा झालाय.

"मी सांगू का हवालदाराला?" त्यांनी विचारलं.

"नको मामा. भाऊ सांगणार हाय."

असं म्हणताना मला अभिमानच वाटला, आता आठवलं की अंगाची लाही होते.

बनाबाई आल्या आणि नवऱ्याच्या उशाशी बसल्या. मी रिक्षा करून घरी आले. फाटक उघडलं आणि पायाखाली पाणी लागलं. अंगण ओलं होतं. गाडी अंगणात उभी. बॉनेट गुलाबी, दारं गुलाबी, टप गुलाबी, आणि समोरची काच लख्ख. वायपरच्या फटीतलं खोबरंसुद्धा काढलेलं. आई काचेसमोर वाकून कोपऱ्यातला राहिलेला डाग काढत होती. फडक्यानं नाही. स्वतःच्या पदरानं. देवाला जायला म्हणून नेसलेलं पिवळं लुगडं, त्याचा पदर ओला आणि गुलाबी झाला होता. राजू बादली धरून उभा होता.

मला बघून तो बादली ठेवून घरात जायला लागला. "थांब," मी म्हणाले. तो थांबला, पण तोंड वळवलं नाही.

"आई, देवाचा गुलाल आज पुसायचा न्हवता की."

"देवाला सांगितलंय मी." आईचा हात थांबला नव्हता. "पोराच्या आयुष्याचा प्रश्न हाय, म्हनलं. देव समजून घेतोय."

"आणि माझ्या आयुष्याचा?"

"तुझं काय हाय?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. हिणवलंही नाही. खरंच काही आठवतंय का ते बघावं, तसं विचारलं. वडिलांच्या मागं घर कुणी चालवलं, राजूच्या परीक्षा कुणाच्या जिवावर झाल्या, ही गाडी कुणाची, ह्यातलं काही तिला आठवलं नाही. ती मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "ऊन आलं, डोळं दिपलं, म्हनायचं. चुकतंय मानूस. तू बाईमानूस, तुला कोन काय करत न्हाय. गुलालाचं मातर बोलू नको. त्यो म्हनंल, काच का पुसली न्हाय, कोन नको म्हनलं. उगा चौकशीत चौकशी."

मी राजूकडं बघितलं. "तू सांगणार हाईस न्हवं?"

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. हवालदार आत आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकलेला बंपर बघितला आणि मग बॅटरीचा झोत काचेवर टाकला.

"काय ओ बाई? गुलाल हुता म्हनलासा. काच तर आरशागत हाय. हात लावू नका सांगितलं हुतं की. कुनी पुसली?"

मी राजूकडं बघत होते. राजू बादलीकडं बघत होता. बोलली आई.

"हिनंच. आल्या आल्या."

कोण चालवत होतं ह्याबद्दल ती खोटं बोलली, ते पोराच्या मायेनं, असं मी दवाखान्यात स्वतःला समजावलं होतं. पण हे? हे तर तिला कुणी बोलायलाही लावलं नव्हतं. ओला पदर हातात धरून तिनं माझ्याकडं बोट केलं होतं. बॅटरीचा झोत काचेवरून खाली आला, आईच्या पदरावर क्षणभर थांबला आणि पुढं गेला.

"आन् तुम्ही?" त्यांनी राजूला विचारलं. "तुम्ही काय सांगनार हुता म्हनं."

राजूनं कपाळ खाजवलं. गुलाल अजून तसाच होता. "आक्काच चालवत हुती," तो म्हणाला. "मी नको म्हनत हुतो, ऊन हाय, थांब म्हनत हुतो."

माझंच वाक्य. गाडीत मी त्याला म्हटलेलं. शिकवलेलं कधी त्याच्या डोक्यात शिरत नाही असं मी म्हणायची. शिरलं होतं.

"हवालदारसाहेब," मी म्हणाले, "मी मागं बसलो होतो. आकाराममामांनी मला मागच्या दारातनं उतरताना बघितलंय. त्यांना विचारा. मगाशी मीच त्यांना सांगू नका म्हनलो होतो, आता मीच सांगा म्हनायला चाललोय."

"अनु!" आई ओरडली. "भावाचं वाटोळं करतीस व्हय गं?"

मी राजूसमोर हात पुढं केला. त्यानं खिशातून किल्ली काढून दिली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी हवालदारांना विचारलं, गाडी दवाखान्यात नेऊ का? ते म्हणाले, "न्या. मी मागनं येतो. तितनं ती ठाण्यातच लावू."

माझ्या गाडीत, माझ्या जागेवर मी दुसऱ्यांदा बसत होते. सीट राजूच्या पायांच्या मापानं मागं सरकवलेली होती. ती पुढं ओढली. आरसा लावला. दिवे लावले.

दिव्यांच्या उजेडात दारात जाऊन उभी राहिलेली आई दिसली, तिचा गुलाबी पदर दिसला, आणि तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलेला राजू दिसला. आईनं एक हात मागं करून त्याला धरून ठेवलं होतं. काच फार चांगली पुसली होती तिनं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी गाडी मागं घेतली.